ज्याला कुणी वाढलं नव्हतं

ग्रे विलो या आमच्या वस्तीत पूर्वी कुणी दार ठोठावत नसे. आत शिरायचं, बूट काढायचे आणि किटलीत चहा आहे का बघायचं, एवढीच आमची रीत. त्या सप्टेंबरनंतर सरकारनं घरटी एक लोखंडी दार दिलं. बाहेर बघायला काचेचं भोक, आतून दोन कड्या. दारं बसवायला शहरातून माणसं आली, आणि त्यांचे हातोडे वाजायला लागले तशी अर्धी वस्ती घर सोडून तळ्याकाठी जाऊन उभी राहिली.

त्या सप्टेंबरात एका सकाळी क्लेम नावाचा आमच्यातलाच माणूस सुरा घेऊन घरोघर फिरला होता. अकरा माणसं गेली. पोलीस शहरातून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, क्लेमसुद्धा उंच गवतात मरून पडला होता. का केलं, ते चौकशीत बसलेल्या मोठमोठ्या लोकांनाही धड सांगता आलं नाही.

क्लेमची थोरली बहीण व्हर्ना. तिला त्याचा अवतार दिसला तशी ती गाडीत बसली आणि भोंगा वाजवत त्याच्या पुढं पुढं घरं उठवत सुटली. चर्चच्या बाजूची सगळी माणसं त्यामुळे वाचली. पण क्लेम मधेच तळ्याच्या बाजूला वळला. तिथं म्हातारी एर्नेस्टीन, तिचा नवरा आणि नातू राहत होते. व्हर्ना पोचली तेव्हा एर्नेस्टीन एकटीच जिवंत होती.

चौकशी संपली, मंत्री येऊन गेले आणि आमच्या क्री आदिवासींच्या वस्तीची स्वतःची गस्त उभी राहिली. गाड्या आल्या, वायरलेस आले, सगळ्यांच्या फोनवर एकदम धोक्याचा इशारा वाजेल अशी सोय झाली. गस्तीत कोण, हे ठरवायला सभा भरली. व्हर्नानं हात वर केला.

मागून कुणीतरी म्हणालं, "हो, तिलाच घ्या! घरं सगळी भावानं दाखवून ठेवलीच आहेत."

कुणी हसलं नाही. आमचा मुखिया लेव्ही खाली बघत बसला. तेव्हा चर्चच्या बाजूची एक बाई उठली. "माझी पोरं आज शाळेत जातात ती हिच्या भोंग्यामुळे. बोलायचं तर पुढं येऊन बोला."

पुढं कुणी आलं नाही. व्हर्ना शहरात गस्तीचं काम शिकून आली आणि पिवळं जाकीट घालून कामाला लागली.

रोज म्हाताऱ्या माणसांच्या घरी चौकशीला जायचं, हे गस्तीचं मुख्य काम. व्हर्नाची उंची भावाएवढी, चालणंही तसंच, टाच आपटत. तिनं दार वाजवलं की आतला आवाज थांबायचा. मग भोकातला उजेड झाकला जायचा, म्हणजे कुणीतरी डोळा लावलाय. दार उघडायचं, पण माणूस तिच्याकडं न बघता तिच्या खांद्यावरून मागं बघायचा. असं इतक्यांदा झालं की तीही मागं वळून बघायला लागली.

तिच्या जोडीला ह्युबर्ट होता, अंगानं धिप्पाड आणि तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "काय गं, कोण आहे मागं?"

"कुणी नाही."

"मग गाडीत बस. त्या कुणी-नाहीला मागच्या सीटवर बसव, पट्टा लावायला सांग."

ती हसायची. पण आरशात मात्र बघायची.

एर्नेस्टीनच्या घरी ह्युबर्टच जायचा. तसं कुणी ठरवलं नव्हतं, सगळ्यांना ते कळत होतं.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात एका दुपारी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. जुन्या लाकूडवखारीकडं एक माणूस बंदूक घेऊन फिरतोय, घरातच राहा, दारं लावून घ्या. गस्तीतले दोघे वखारीकडं धावले. ह्युबर्ट एका आजाऱ्याला घेऊन शहरात गेलेला. तळ्याच्या बाजूला जवळ होती ती एकटी व्हर्ना.

तिनं गाडी एर्नेस्टीनच्या दाराशी लावली. पायऱ्या चढताना तिला स्वतःच्याच टाचांचा आवाज ऐकू आला आणि ती मधेच थांबली. दार न वाजवता म्हणाली, "आजी, मी व्हर्ना. गस्तीची."

मग दारामागून, अगदी जवळून आवाज आला. "माहीत आहे. तुझं पाऊल ऐकलं."

"दार उघडू नका. मी इथं बाहेर बसते."

"मी उघडणारच नव्हते."

व्हर्ना दाराला पाठ लावून बसली. बर्फ भुरभुरत होतं. वखारीच्या बाजूनं एक बार ऐकू आला, मग आणखी एक. दारापलीकडं काहीतरी घसरत खाली बसल्याचा आवाज झाला. म्हातारी पलीकडून दाराला टेकून बसली होती.

"आजी, बऱ्या आहात ना?"

"तो येतो गं."

"तो वखारीकडं आहे, लांब आहे. आपली माणसं गेलीत."

"त्याचं नाही म्हणत. तुझ्या भावाचं म्हणतेय. पायरीवर येतो, उभा राहतो. वाजवत नाही. या दाराचा त्याला काय उपयोग?"

व्हर्ना ज्या पायरीवर बसली होती तीच ती पायरी.

"माझ्याही मागं असतो," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"काही मागतो?"

"नाही. नुसता असतो."

म्हातारी म्हणाली, "दर वर्षी आपण गेलेल्यांची अकरा ताटं वाढतो आणि अग्नीला देतो. त्याला कुणी वाढलं?"

"कोण वाढणार, आजी? आई त्याचं नावही घेत नाही. आणि मी वाढलं असतं तर लोकांनी मला जिवंत ठेवलं असतं का?"

"म्हणजे उपाशीच आहे तर."

तेवढ्यात वायरलेसवर आवाज आला. पिऊन हवेत बार काढणारा तो माणूस रडत खाली बसला होता, गस्तीतल्या दोघांनी बोलत बोलत बंदूक काढून घेतली होती. कुणाला ओरखडाही नाही. शहरातले पोलीस अजून वाटेतच होते. व्हर्नानं ते दाराशी तोंड नेऊन सांगितलं.

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. दार उघडलं नाही. "रविवारी दुपारी ये. मागच्या अंगणात. सुकवलेलं मूस हरणाचं मांस आहे माझ्याकडं. रोटी तू भाजून आण."

"आजी, तुम्ही कशाला..."

"माफ केलं असं समजू नकोस. माझा म्हातारा नि माझा नातू, दोघंही त्या स्वयंपाकघरात गेले. मी मरेन तेव्हाही माफ करणार नाही. पण उपाशी माणूस दारात उभा असला की मला घास उतरत नाही. लहानपणापासूनची खोड आहे."

रविवारी दोघींनी अंगणात छोटा विस्तव केला. एर्नेस्टीन मागच्या दारानं बाहेर आली, हातात ताट. त्या सकाळनंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर उभ्या होत्या. म्हातारीनं चिमूटभर तंबाखू विस्तवात टाकली आणि क्री भाषेत त्याला पूर्ण नावानं हाक मारली. मांस, रोटी, क्रॅनबेरी, सगळं एकेक करून आगीत गेलं. शेवटी चहा ओतला, वाफेचा फुत्कार उठला.

"खा आणि जा," एर्नेस्टीन म्हणाली. "इथं तुझं काही राहिलेलं नाही."

दोघींपैकी कुणीही मागं वळून बघितलं नाही. म्हातारी आत गेली, दोन्ही कड्या लागल्याचा आवाज आला.

व्हर्ना घरी आली तेव्हा तिची आई ऑलिव्ह खिडकीशी बसली होती. जाकिटाला धुराचा वास येत होता. आईनं तो ओळखला. ती नुसता खुर्चीचा हात चोळत राहिली.

"चहा दिलास त्याला?"

"दिला."

"साखर घातलीस?"

"घातली, आई."

"जास्त लागते," आई म्हणाली. "क्लेमला साखर जास्त लागते."