प्रेमनगरात चिनी कायदा

गजाननरावांना घरात आजवर कोणी सल्ला विचारला नव्हता, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. भाजी कुठली आणायची ते बायको शकुंतलाबाई ठरवत, पैसे कुठे ठेवायचे ते मुलगा आशिष ठरवी, आणि गजाननराव खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसत. रेल्वेच्या कार्यालयातली नोकरीही त्यांनी अशीच मान खाली घालून केली होती. मीटिंगमध्ये मागच्या रांगेत बसायचं. साहेबांनी "किसी को कुछ पूछना है?" म्हटलं की त्यांच्या मनात हटकून एक चांगला प्रश्न यायचा, आणि तो ते चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकायचे. वाटायचं, आपल्याला काय कळतंय, कोणीतरी हसेल.

म्हणून त्या गुरुवारी सून स्वरदा त्यांच्या खुर्चीसमोर वेताचा मोडा ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगाल तसं करीन," तेव्हा त्यांना घामच फुटला.

स्वरदा चिपळूणची. झाशीजवळच्या बिजौलीच्या औद्योगिक भागातल्या एका खासगी कंपनीत ती खरेदी विभाग सांभाळत होती. कंपनी ट्रान्सफॉर्मरला लागणारे सुटे भाग बनवायची, आणि त्यासाठीचा निम्मा कच्चा माल चीनहून यायचा. गेल्या वर्षी तिथल्या एका पुरवठादाराने माल फार उशिरा पाठवला. उशीर झाला तर दंड, असं कागदावर ठरलेलं असूनही कंपनीच्या हाती एक छदाम लागला नाही. ते काम स्वरदाचं होतं. बोलणी तिलाच खावी लागली. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. ज्यांच्याशी आपण रोज करार करतो, त्यांचा कायदा आपल्याला का ठाऊक नसावा?

शोधता शोधता तिला शांघायच्या एका विद्यापीठाचा अभ्यासक्रम सापडला. चिनी व्यापारी कायद्याची पदव्युत्तर पदवी, इंग्रजीतून, घरबसल्या, नोकरी न सोडता. कायद्याची पदवी नसली तरी करारांचं काम करणाऱ्यांना प्रवेश होता. तिने अर्ज केला आणि प्रवेश मिळालाही. आता रविवारी एक नमुन्याचा वर्ग होता, आणि त्याच संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"तुझा स्वतःचा कल कुठे आहे?" गजाननरावांनी घाबरत घाबरत विचारलं.

"तेच कळत नाहीये, बाबा. दोन वर्षं शनिवार-रविवारची सकाळ जाणार. तिकडे नऊ वाजतात तेव्हा इकडे साडेसहा. झेपेल का मला? या वयात परीक्षा?"

"या वयात म्हणजे? छत्तिसाव्या वर्षी?"

"तुम्ही नुसते प्रश्न नका विचारू ना. सांगा."

गजाननराव म्हणाले, "रविवारपर्यंत विचार करतो." आयुष्यभर ते हेच म्हणत आले होते.

आशिषचं मत तयार होतं. झाशीतच जन्मल्या-वाढल्यामुळे त्याची मराठी निम्मी हिंदीतच चालायची. "बाबा, मी मना नाही करत आहे," तो जेवताना म्हणाला. "पण सोचा जरा. या डिग्रीला इथं मान्यता मिळेल की नाही, पक्कं नाहीये. प्रमोशनच्या टाइमाला कोणी विचारणार नाही. मग एवढी मेहनत कशाला? थकून जाईल ती." बायकोची काळजी त्याच्या आवाजात खरी होती, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं कठीण होतं.

कंपनीतले साहेब, पियूषजी, त्यांनी परवानगी दिली होती, पण हसत हसत. "पढ़ लीजिए मैडम. बस ये मत सोचिएगा कि चीन वाले डर जाएँगे."

आणि शकुंतलाबाई? त्यांना सून सकाळी सकाळी लॅपटॉप उघडून बसणार हे मुळीच पसंत नव्हतं. रविवारी देवांना अभिषेक, नैवेद्याचं सोवळ्यातलं, त्यात आल्यागेल्याची न्याहारी. पण शुक्रवारी त्या लक्ष्मी तालाच्या तळ्याकाठी महालक्ष्मीच्या दर्शनाला गेल्या तेव्हा ओळखीच्या कुसुमावतीबाईंसमोर त्यांच्या तोंडून तक्रार निघाली ती अशी: "काय सांगू, आमच्या सुनेला आता चीनचा कायदा शिकायचाय!" तक्रार कसली, मान चांगली वीतभर वर झालेली होती. झाशीतली मराठी घरं ती किती. शनिवारी दुपारी कुसुमावतीबाई स्वतःच दारात हजर.

"शकुंतला, पासपोर्ट निघाला का गं तिचा?"

"कसला पासपोर्ट?"

"अगं, ती चीनला चालली ना? सगळीकडे पसरलंय. तिकडे म्हणे साबुदाणा मिळत नाही. बांधून दे."

आतल्या खोलीत स्वरदाने कपाळावर हात मारला. "झालं! आता नाही म्हटलं तर लोक म्हणतील, चीनने परत पाठवली."

गजाननराव हसले, पण आतून त्यांची घालमेल चालू होती. दोन दिवस ते अभ्यासक्रमाची माहिती वाचत होते. कंपनी कशी स्थापतात, करार कधी पक्का मानतात, भांडण झालं तर लवादाकडे कसं जायचं. वाचताना त्यांना इतकी गोडी लागली की त्यांचाच त्यांना संशय येऊ लागला. आपल्याला आवडतंय म्हणून तिने करावं, हा कुठला न्याय? राबणार ती. आपण खिडकीत बसून हो म्हणायचं आणि तिने दोन वर्षं झोप मोडायची? आणि नाही म्हणावं, तर तो नकार तिच्या भल्यासाठी, की जन्मभर आपणच भ्यालो म्हणून? दोन्ही बाजूंनी विचार करून त्यांनी शेवटी ठरवलं, की आपण आशिषवर सोपवावं. तोच व्यवहारी आहे.

रविवार उजाडला. इंटरनेट नीट चालायचं ते फक्त बैठकीच्या खोलीत, म्हणून स्वरदा जेवणाच्या टेबलाशीच बसली. अंगावर इस्त्रीचा कुर्ता, पायात मात्र घरातल्या सपाता. इयरफोन ऐन वेळी रुसले, तेव्हा लॅपटॉपचा आवाज खोलीभर घुमू लागला. पडद्यावर जगभरातले चौकोनी चेहरे. मधे प्राध्यापिका लिन, आखूड केसांच्या, शांत आवाजाच्या. गजाननराव स्वयंपाकघराच्या दारात, पडद्याआड, चहाचा कप घेऊन उभे राहिले. इंग्रजी वाचून वाचून त्यांचे कान तयार होते. सगळं कळत होतं.

वर्ग सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तोच देवघरातून घंटेचा खणखणाट सुरू झाला. स्वरदाची बोटं माइक बंद करायला धावेपर्यंत तो शांघायपर्यंत पोचला होता. प्राध्यापिकाबाई थबकल्या, आणि हसून म्हणाल्या की कुणाच्या तरी घरी सकाळ फार सुंदर होते आहे.

गजाननराव देवघरात जाऊन कुजबुजले, "अगं, घंटा चीनमध्ये ऐकू गेली. बाई खूश झाल्या."

शकुंतलाबाईंचा हात हवेतच राहिला. "माझी घंटा? चीनमध्ये?" पुढची आरती त्यांनी टाळ्या वाजवून, ओठांतल्या ओठांत म्हटली.

गजाननराव दारात परतले तेव्हा लिनबाईंनी एक प्रकरण मांडलं होतं. परदेशी कंपनीने चिनी कंपनीकडून माल मागवला. मूळ करार झाल्यावर उशिराच्या दंडाचं एक पुरवणी पत्र झालं. त्यावर चिनी कंपनीच्या विक्री व्यवस्थापकाने सही केली, पण कंपनीचा शिक्का मारलेला नव्हता. आता हा दंड त्या कंपनीवर बंधनकारक आहे का? एक जर्मन गृहस्थ म्हणाला, सही आहे म्हणजे झालंच. बाकी चौकोन गप्प.

गजाननरावांनी पाहिलं, स्वरदा एकदम ताठ बसली. मग तिने माइक चालू केला.

"मॅडम, हे प्रकरण मला ठाऊक आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "म्हणजे, अगदी असंच मी केलंय. तो परदेशी खरेदीदार मीच."

पडद्यावरचे चेहरे हलले.

"माझ्या गावात शिक्का बाजारात करून मिळतो. चहा प्यायला बसलात तर चहा संपायच्या आत. त्यामुळे आमच्याकडे शिक्क्याला कोणी मोजत नाही. बघतात ती सही. ती सही निळ्या शाईची होती, लांबलचक, वळणदार. मी तीच बघितली आणि निश्चिंत झाले. तुमच्याकडे कंपनीचा शिक्का पोलिसांकडे नोंदवतात, कंपनी त्या शिक्क्याने बोलते, हे मला त्यांच्या वकिलाकडून कळलं. माल उशिरा आल्यावर."

काही जण हसले. चेष्टेने नव्हे, आपलंही असंच झालंय अशा सुरात. लिनबाई हसल्या नाहीत. त्या पुढे झुकून म्हणाल्या, "मी हे प्रकरण वर्षानुवर्षं शिकवते, पण आमच्या बाजूने. पलीकडचा माणूस त्या कागदाकडे कसा बघतो, हे आज पहिल्यांदा कळतंय. आभारी आहे."

गजाननरावांना वाटलं, आता ती गप्प बसेल. ते असते तर केव्हाच बसले असते. पण स्वरदा म्हणाली, "मला एक विचारायचं आहे. याच माणसाने याआधी असाच शिक्क्याशिवाय सही करून दिलेला कागद त्यांच्या कंपनीने निमूटपणे पाळला होता. मग मी त्याच्यावर भरवसा ठेवला, यात माझं इतकं चुकलं का? तो माणूस कंपनीच्या वतीने बोलतोय असं मी का मानू नये?"

लिनबाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याचं सरळ उत्तर नाही. काही न्यायालयांनी खरेदीदाराच्या बाजूने कौल दिला असता, काहींनी नसता. नेमका यावर आपल्याला दुसऱ्या सत्रात बरेच आठवडे घालवायचे आहेत. हा प्रश्न तोवर विसरू नका."

दाराआड गजाननरावांचा चहा गार झाला होता. छातीत काहीतरी भरून येत होतं, आणि ते काय हे कळायला त्यांना वेळ लागला, कारण ते त्यांच्या फारसं ओळखीचं नव्हतं. अभिमान होता तो. आपल्या घरातल्या माणसाने भर सभेत स्वतःची चूक सांगितली, आणि वर प्रश्नही विचारला.

वर्ग संपला. स्वरदाने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही तळहातांत तोंड लपवलं. "शी! सगळ्या जगासमोर बावळट ठरले मी. काय गरज होती सांगायची? आशिष म्हणतो तेच बरोबर. मी नाही म्हणून कळवते."

आशिष नुकताच उठून आला होता. "अरे, मी असं नाही म्हटलं... काय झालं?"

"काही नाही. संपला विषय."

"संपला नाही," गजाननराव म्हणाले.

पडदा सारून ते बाहेर आले. देवघराच्या उंबऱ्यात आलेल्या शकुंतलाबाईंसकट तिघांनीही वळून पाहिलं, कारण या घरात हा आवाज एवढ्या मोठ्याने ऐकायची कुणाला सवय नव्हती. गार चहाचा कप त्यांनी टेबलावर ठेवून दिला.

"तू मला विचारलं होतंस. मी आशिषवर ढकलणार होतो. पण आता ऐकलंय मी. स्वरदा, तू बावळट नाही ठरलीस. त्या बाईंना जे कोणी सांगितलं नव्हतं ते तू सांगितलंस. आणि तू जो प्रश्न विचारलास ना, त्याचं उत्तर त्यांच्याकडेही तयार नव्हतं. असे प्रश्न मी जन्मभर गिळले. मला ठाऊक आहे ते पोटात कसे बसतात." ते मुलाकडे वळले. "आशिष, मान्यतेचं तू म्हणतोस ते खरं आहे. प्रमोशन नाही मिळणार कदाचित. पण पुढच्या वेळी तिच्यासमोर कागद येईल तेव्हा तिला वकिलाच्या पत्राची वाट बघावी लागणार नाही. कर, बाळ. तू विचारलंस म्हणून सांगतो. मला वाटतं, तू करावंस."

स्वरदाचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

"आणि थकली तर?" आशिष हळूच म्हणाला.

"तर तू तिचे पाय चेप. शनिवार-रविवारची न्याहारी मी करीन."

"तुम्ही?" देवघराच्या उंबऱ्यातून शकुंतलाबाई म्हणाल्या. "पोहे भिजवायचे कसे ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"शिकेन. ऑनलाइन."

आशिष खो-खो हसत सुटला. शकुंतलाबाईंनी हसू दाबत नुसतं एवढंच सांगितलं, की नैवेद्य त्या स्वतः सांभाळतील, मात्र त्या वेळात पोह्यांच्या कढईने देवघराकडे फिरकायचं नाही. "आणि ती बाई पुन्हा घंटेचं विचारेल तर सांग गं तिला, पितळी आहे. माझ्या सासूबाईंची."

स्वरदाने लॅपटॉप पुन्हा उघडला, आणि उभ्याउभ्याच होकार पाठवून दिला.

सोमवारी गजाननरावांना चष्म्याची काडी बदलायला सदर बाजारात जायचं होतं. प्रेमनगरच्या नाक्यावर ते ई-रिक्षात बसले. एरवी ठिकाण सांगून झालं की ते बाहेर बघत बसत. आज त्यांनी घसा खाकरला.

"भैया, हमारी बहू चीन का कानून पढ़ रही है. नौकरी करते-करते. कल से शुरू किया."

चीनमध्येही कायदा असतो याचं नवल वाटून रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "काए दादा, चीन में सोई कानून होत?"

"होता है. और बहुत टेढ़ा होता है," गजाननराव पुढे सरकत म्हणाले. "कल उसने प्रोफेसर से एक सवाल पूछा. सुनो क्या पूछा..."

शेजारी बसलेल्या बाईने पिशवी मांडीवर घेतली आणि तीही कान देऊन ऐकू लागली. रिक्षा खड्डे चुकवत चालली होती, आणि गजाननराव हातवारे करून चीनचा तो विक्री व्यवस्थापक, ती निळी सही, सारं समजावत होते.

"दादा," मधेच रिक्षावाला म्हणाला, "सदर तो पाछें रै गओ."

"रहने दो," मागे पडलेल्या सदर बाजाराकडे न बघताच गजाननराव म्हणाले. "घुमा लेना आगे से. अभी तो असली बात आनी है."