ओल

“मावशी, पोरगी मला ‘ओल येतेय’ म्हणाली होती. ओल तर सगळ्यांनाच येते, नाही का?” सिस्टर लुंगेल्वाने कार्ड पुढे केले.

सिस्टरच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: सातवा महिना, पहिलीच भेट. शिक्षण चौथी. रक्तस्राव नाही.

“कुणाची सून?” नोविनिलेने विचारले. टेकडीवरच्या या दवाखान्याची झाडलोट ती बावीस वर्षे करत होती.

“गाझींच्या घरची. नोझामिले. काल दुपारी आली होती, तुम्ही नव्हता. आज सकाळी गाडीत घालून आणली, तेव्हा थंड पडलेली. पोटातलंही गेलं.”

नोविनिले बाकावर टेकली. गुरुवारी दुपारी ती दवाखान्यात नसेच. लाल पोलके, पांढरी टोपी घालून चर्चमधल्या आयांच्या प्रार्थनेला जाई. कालचे प्रवचन बारा वर्षे रक्त जाणाऱ्या आणि प्रभूच्या झग्याच्या काठाला शिवून बऱ्या झालेल्या बाईचे होते. सांगणारी एक ओळ गाऊन सोडी, बाकीच्या ती उचलून धरीत. ‘रक्त थांबले गं, काठाला हात लागला’ या ओळीला सगळ्यांत उंच आवाज नोविनिलेचा होता. देव अगदी जवळ येऊन बसला होता, यात खोटे काही नाही.

“सिस्टर, सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावासारखा शब्दही तोंडातून काढत नाही.”

“ठाऊक आहे हो. माझी आजी पाळायची. पण म्हणून दवाखान्यात?”

“आपल्या भाषेत गाझी म्हणजे काय?”

सिस्टरचे बोट कार्डावरच्या शेवटच्या ओळीवर टेकले. शहरातून आली असली, तरी भाषा तिचीही तीच होती.

“रक्त,” नोविनिलेच म्हणाली. “त्या घरच्या सुना रक्ताला ओल म्हणतात. कोंबडी कापली तरी त्यांच्याकडं ओलच सांडते.”

“मग बोटानं दाखवायचं! बाकावर चाळीस बायका होत्या, मावशी. मी कुणाकुणाच्या पोटातलं ओळखू?”

“तुम्ही काय म्हणालात तिला?”

सिस्टरने कार्ड पालथे ठेवले. “म्हटलं, सातव्या महिन्यात उगवलीस? इतके दिवस काय शेळ्या राखत होतीस?”

“मग?”

“हो म्हणाली. बायका हसल्या. मग ती खालीच बघत बसली.”

“राखतच होती,” नोविनिले म्हणाली. “घरातली धाकटी सून. शेळ्या दुसरं कोण राखणार?”

दारात म्हातारा गाझी येऊन उभा राहिला. खाणकामाने जडलेला खोकला, डोक्यावर हॅट. मागे ओसरीवर त्याच्या दोन थोरल्या सुना शाल लपेटून बसल्या होत्या.

“माझी सून कशानं गेली?”

सिस्टर उठली. “बाबा… ओल फार गेली तिची.”

म्हातारा दारातून आत आला.

“पोरी, तू माझी सून नाहीस. नीट नाव घेऊन सांग.”

ओसरीवरच्या दोघींनी शाली कानांवर घट्ट ओढून घेतल्या.

सिस्टरने तो शब्द उच्चारला: “गाझी.”

म्हाताऱ्याने हॅट काढून छातीशी धरली आणि खाणीत हजेरीला द्यायचा तशी, मान खाली घालून, ओ दिली.