मान हलवणारा लॅपटॉप

कृत्रिम पायांच्या त्या कारखान्यात एरवी दोन-चार माणसं दिसत, तीही बहुधा एकेका पायावर उभी. आज मात्र धडधाकट पायांची माणसं दाराशी एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी होती. कुणी प्लास्टरच्या साच्यांच्या फळीला रेललं होतं, कुणी पट्टे शिवायच्या मशीनवर बूड टेकलं होतं. शेजारच्या लाँड्रीवाल्याने तर नीट दिसावं म्हणून नुकत्याच घडवलेल्या एका गुडघ्याचाच आधार घेतला होता.

"हात काढा तिथून," मालकांची सून म्हणाली. "ओला आहे तो."

"श्श!" सगळ्यांनी मिळून तिलाच गप्प केलं. कारखाना ती चालवत होती, पण सध्या तिथे तिचं कुणी ऐकत नव्हतं.

मधोमध एका उलट्या खोक्यावर पांढरं कापड होतं आणि कापडावर कारखान्याचा लॅपटॉप. त्याच्यासमोर जाड गादीवर, शुभ्र कपड्यांत, डोळे मिटून बसले होते पासवर्डबाबा. त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. मेलेल्या माणसाचा पासवर्ड विचारणाऱ्याला स्वतःचं नाव विचारणं बरं दिसत नाही.

"या, साहेब, या," बाबा पुटपुटले. "देह म्हणजे हार्डवेअर. ते बिघडतं. आत्मा म्हणजे डेटा. तो कुठे जातो? क्लाउडमध्ये. आणि क्लाउड कुठे असतो?"

बाबांनी बोट वर केलं. सगळ्यांनी वर पाहिलं. वर पंखा होता.

आणि तेवढ्यात पडद्यावर खिडकी उघडली. तिच्यात गेल्या वर्षी वारलेल्या मालकांचा फोटो, खाली त्यांचं नाव आणि त्याखाली पासवर्डसाठी रिकामी चौकट.

"आले! साहेब आले!"

"हसतायत बघा!"

"अहो, फोटो आहे तो."

"फोटोतच हसतायत ना! रागावले असते तर हसले असते का?"

आठवडाभर सून असेच युक्तिवाद ऐकत होती.

सुरुवात अशी झाली. सासरे गेले तेव्हा सुनेने त्याच लॅपटॉपवर स्वतःचं खातं उघडून काम पुढे चालू ठेवलं. सासऱ्यांचं खातं मात्र कुणी काढून टाकलं नाही. त्यांचा टेबलावरचा चष्मासुद्धा कुणी हलवला नव्हता, मग खातं कोण हलवणार? ते आत तसंच पडून राहिलं. त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, आणि वर्षभर त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. आणि मग गेल्या आठवड्यात, सासूबाई एकट्याच पट्टे शिवत बसल्या असताना, पडद्यावर अचानक नवऱ्याचा फोटो आला आणि पासवर्ड मागू लागला.

सासूबाईंनी शिलाई सोडून स्वतःचं नाव टाकलं. खिडकी डावीकडे-उजवीकडे थरथरली. लग्नाची तारीख टाकली. पुन्हा थरथरली. मुलाचं नाव, कारखान्याचं नाव, ज्याला पहिला पाय बसवला त्या माणसाचं नाव. दर वेळी खिडकीने तशीच मान हलवली. नाही. नाही. नाही.

सून जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"ते विचारतायत गं," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगता येत नाही. एवढा संसार केला, आणि त्यांच्या मनातला एक शब्द मला ठाऊक नाही. लग्नाच्या तारखेलासुद्धा नाही म्हणाले."

खिडकीत दोन बटणं होती. एक 'पुढे', दुसरं 'रद्द करा'. सून दुसऱ्याकडे बोट नेणार, तोच काकांनी, म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाने, तिचं मनगट धरलं.

"सूनबाई, शुद्धीवर आहेस का? माझ्या भावाला रद्द करतेस?"

त्या वाक्याने सगळा घोळ घातला. घरात अशी कोणती सून असेल जी सासूच्या डोळ्यांदेखत सासऱ्यांना रद्द करील? तिचा नवरा दूरच्या शहरात नोकरीला. त्याने फोनवर बहुमोल सल्ला दिला, "आईला दुखवू नकोस, आणि काम अडू देऊ नकोस." दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते त्याने सांगितलं नाही, त्याला मीटिंग होती.

काम मात्र अडलंच, कारण त्या दिवसापासून लॅपटॉपला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. माणसाचा उरलेला पाय ज्या पोकळ वाटीत बसतो, त्या वाटीची मापं लॅपटॉपमध्ये होती. लॅपटॉपने मापं दिली की शेजारचं मशीन साचा कोरायचं. शेकडो माणसांचे पाय त्या फायलींत होते. त्यांची दुसरी प्रत ज्या डिस्कवर असायची ती डिस्क काकांनी सिनेमे भरायला 'तात्पुरती' नेली होती. तिच्यावर आता हाणामाऱ्या होत्या, पाय नव्हते.

पासवर्डबाबांना आणलं तेही काकांनीच. बाबा पैसा घेत नसत. ते फक्त झपाटलेला लॅपटॉप आपल्या केंद्रात नेत आणि तिथे आत्म्याला मोकळं करत. बंद पडलेल्या, जुनाट लॅपटॉपमध्ये आत्मा उतरल्याचं त्यांच्या पाहण्यात अजून आलं नव्हतं. आत्म्यांना चालू स्थितीतले आणि महागडेच आवडत.

आज तो लॅपटॉप जाणार होता. सासूबाईंनी होकार दिला होता.

"बाबा," त्या आता हात जोडून म्हणाल्या, "एकदा मला हो म्हणतील ना ते?"

"केंद्रात नेल्यावर, आई. इथे गर्दी आहे, नेटवर्क कमी पडतं." बाबांनी गादीवर पुन्हा गुडघा रेटत, पुढे वाकून लॅपटॉपच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला अदबीने बोट लावलं. "आता विश्रांती घ्या, साहेब." खिडकी नाहीशी झाली. लोकांनी श्वास सोडला.

कोपऱ्यात कुबड्यांवर उभा असलेला टपालवाला खाकरला. त्याच्या जुन्या पायाची वाटी सैल झाली होती, नवी याच आठवड्यात मिळायची होती. "ताई," तो म्हणाला, "साहेब येतायत-जातायत ते ठीक आहे. आलेच आहेत तर माझी फाइल तेवढी उघडून देतील का?"

"चेष्टा करू नका!" काका गरजले.

"चेष्टा कसली? एका पायावर उभा आहे मी मघापासून."

सुनेचं मात्र त्यांच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती बाबांचा गुडघा पाहत होती. लोकांचे गुडघे पाहणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. माणूस कुठल्या पायावर भार देतो, उठताना कुठला गुडघा आधी हलतो, हे तिला रस्त्यातल्या अनोळखी माणसांतही दिसायचं. बाबांच्या बाबतीत तिने काल एक गोष्ट पाहिली होती आणि आज पुन्हा पाहिली. 'या, साहेब' म्हणण्याआधी त्यांचा उजवा गुडघा गादीत रुतायचा. देहाला हार्डवेअर म्हणणाऱ्या माणसाने एकच गुडघा इतका मन लावून दाबावा, याला काही कारण असणार.

ती कोपऱ्यातलं स्टूल घेऊन पुढे आली.

"बाबा, तुमच्या उजव्या गुडघ्याला त्रास दिसतोय. मांडी घालून बसू नका. यावर बसा."

"मला काही त्रास नाही, ताई."

"मी पायांचीच माणूस आहे. सारखा दाबताय तुम्ही तो. आत्मा उतरवता उतरवता गुडघ्याची वाटी झिजायची."

"बसा हो बाबा," लाँड्रीवाला कळवळून म्हणाला. "तिला कळतं त्यातलं."

"बसा, बसा!" गर्दीने धरलं. बाबांना भक्तांचं प्रेम नडलं. चौघांनी त्यांना उचलून स्टुलावर ठेवलं.

"आता बोलवा," सून म्हणाली. "एकदाच. मग घेऊन जा लॅपटॉप, मी अडवणार नाही."

बाबांनी डोळे मिटले. हार्डवेअर झालं, डेटा झाला, क्लाउड झाला. पंख्याकडे तर दोनदा बोट झालं. पडदा जसाच्या तसा राहिला. टपालवाल्याने कुबडी या काखेतून त्या काखेत घेतली.

"साहेबांना स्टूल आवडलेलं दिसत नाही," तो म्हणाला.

"आत्मा काही नोकर नाही बोलावल्यावर यायला!" बाबा उसळले.

"मघाशी येत होता," सून म्हणाली. तिने चप्पल काढली आणि बाबांच्या रिकाम्या गादीवर, जिथे त्यांचा उजवा गुडघा असायचा तिथे, पायाच्या अंगठ्याने दाबलं. खट्‌ असा बारीक आवाज झाला. "या, बाबा," ती सासऱ्यांना हाक मारावी तशी म्हणाली. बाबा सगळं पाठांतर म्हणायला जेवढा वेळ घेत, तेवढा वेळ ती गप्प उभी राहिली.

खिडकी उघडली. फोटो, नाव, चौकट.

सुनेने गादी उचलली. खाली वायरचा लांब बोर्ड होता. त्याच्या बटणाशेजारचा लाल दिवा चालू होता, आणि बोर्डातून निघालेली चार्जरची वायर कापडाखालून लॅपटॉपला गेली होती.

"लॅपटॉपला स्वतःची यंत्रणा नवी करून घ्यायची आहे," ती म्हणाली. "चार्जर चालू झाला की तो ते काम हातात घेतो, आणि आधी परवानगी मागतो. चार्जर बंद असला की गप्प बसतो. बाबा गुडघ्याने चालू करतात, खिडकी उघडेपर्यंत क्लाउड सांगतात, आणि साहेबांना पाठवताना पुन्हा बंद करतात."

"मग जातात कसे?" लाँड्रीवाल्याने विचारलं. त्याला अजून आशा होती.

तिने कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं. खिडकी गेली. "हे बटण दाबलं काय आणि 'रद्द करा' दाबलं काय, एकच. आपल्याला रद्द करायला बंदी घालून बाबा स्वतः रोज रद्द करतात. फक्त वाकून करतात, म्हणून नमस्कार वाटतो."

"पण नाव माझ्या भावाचंच का आलं?" काका पुढे झाले. "तुझं का नाही?"

"खिडकीत नावाखाली बारीक अक्षरांत ते लिहिलंय, काका. आठवडाभर एवढ्या लोकांनी दर्शन घेतलं, वाचलं कुणीच नाही. हा लॅपटॉप ज्याने पहिल्यांदा सुरू केला, त्याच्या खात्याची परवानगी हवी, असं लिहिलंय. यंत्राच्या हिशेबी मालक अजून तेच आहेत. ते गेले हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि त्याखाली असंही लिहिलंय, की ही यंत्रणेची चाचणी आवृत्ती आहे. बीटा. अजून तयार न झालेली, हौशी लोकांनी तपासून बघायची. मी ती मागवली नव्हती."

काकांनी फळीवरचा एक साचा हातात घेऊन निरखायला सुरुवात केली.

"काका, बिल छापायचं म्हणून माझा पासवर्ड घेतला होतात तुम्ही."

"अगं, ते... सगळ्यांच्या आधी मिळत होती. फुकट!" काका साच्याशी बोलले. "मला काय माहीत दादाचा फोटो येईल?"

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणारच होतो. तोवर गर्दी जमली."

हसू फुटलं. पासवर्डबाबा स्टुलावरून उतरून दाराकडे सरकत होते. जाता जाता ते म्हणाले, "श्रद्धेला पुरावा लागत नाही."

"नसेल लागत," टपालवाला म्हणाला. "पण बोर्ड तुमचा आहे, तो तरी घेऊन जा."

सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या अजून पडद्याकडे पाहत होत्या.

"हे सगळं खरं असेल," त्या हळू म्हणाल्या. "पण मान तर त्यांनी हलवली ना? लग्नाच्या तारखेला?"

सुनेच्या लक्षात आलं, खरी गाठ इथे होती. बोर्ड आणि गुडघा नुसता तमाशा होता. तिने सासूबाईंसाठी खोक्याजवळ स्टूल ओढलं, त्यांना बसवलं आणि पडदा बंद करून पुन्हा उघडला. आता पडद्यावर तिचा स्वतःचा फोटो होता, खाली तशीच चौकट.

"आई, ही मी. जिवंत, तुमच्या शेजारी उभी. आता यात काहीही चुकीचं लिहा."

सासूबाईंनी एका बोटाने सुनेचं नाव लिहिलं. फोटो डावीकडे-उजवीकडे थरथरला.

"मी नाही म्हणाले?"

सासूबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही माझं नाव लिहिलंत, आणि मी नाही म्हणाले का, आई?"

"तू तर काहीच बोलली नाहीस."

"अक्षरं जुळली नाहीत की खिडकी हलते. कुणाचीही असो. मेलेल्याची, जिवंताची, तुमची, त्या पासवर्डबाबांची. तिला लग्न कळत नाही आणि तारीखही कळत नाही."

"मग ते नाही म्हणाले नाहीत."

"कुणीच काही म्हणालं नाही."

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग दाराशी अजून रेंगाळणाऱ्या लोकांकडे वळून, पट्टा शिवताना टाका ओढावा तशा घट्ट आवाजात म्हणाल्या, "कुणी गेलेला माणूस परत आलाच, तर तो पासवर्ड मागेल का रे? जेवलीस का, म्हणून विचारील. इतकी साधी गोष्ट मला आठ दिवस सुचली नाही. तुम्हाला तरी सुचू दे. आणि जा आता, कामं आहेत आम्हाला."

लोक गेले. सुनेने आधी सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. काकांच्या हाणामाऱ्या त्यासाठी पुसाव्या लागल्या आणि काकांनी हूं की चूं केलं नाही. मग तिने लॅपटॉपचं नाव चाचणीतून काढून घेतलं, आणि टपालवाल्याची फाइल उघडून मशीन सुरू केलं. पांढऱ्या भुश्श्यातून वाटीचा आकार बाहेर येऊ लागला.

अशा खिडक्या आता घरोघर उघडतात, उघडत राहतील. काही समजलं नाही की भीती वाटते. त्यात चूक काही नाही, लाज तर मुळीच नाही. पण भ्यायल्यावर हात जोडायच्या आधी बारीक अक्षरं वाचावीत, वायर कुठे जाते ते पाहावं, आणि घरातल्या कुणी काही दाबलं होतं का ते न रागावता विचारावं. न रागावता हे महत्त्वाचं. चूक कबूल करणाऱ्याला घरात जागा असली, की बाबांना गादी टाकायला जागा उरत नाही.