राखेने घासलेली बेअरिंग

मी बेअरिंग बोलतेय. मोटारीच्या चाकातली. सांगताना जरा संकोच वाटतो, कारण आमच्यात गप्प राहणं हाच चांगुलपणा समजतात. बोलू लागलेली बेअरिंग म्हणजे बिघडलेली बेअरिंग. पण आता मी चाकात नाही, तेव्हा हरकत नसावी.

दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये जाळीत ओळीने बसवलेले छोटे छोटे रोलर, एवढंच माझं रूप. चाक फिरतं, आस जागचा हलत नाही, आणि त्या दोघांमधलं घासणं मी सोसते. ‘सोसते’ हा शब्द जरा मोठा झाला. मी फक्त फिरते.

भट्टीतून निघाले, तेलात बुडाले, घासूनपुसून गुळगुळीत झाले. मग गंज चढू नये म्हणून मला चिकट तेल फासून मेणकागदात गुंडाळलं. नाशिकच्या एका दुकानाच्या फळीवर दोन वर्षं मी त्या कागदात पडून होते. बाहेर काय असेल याची फार उत्सुकता होती, आणि तितकीच भीतीही.

१९७८च्या जानेवारीत, एका शनिवारी रावजीमास्तरांनी मला विकत घेतलं आणि नाशिक रोडला घरी आणलं. त्यांची जुनी फियाट देवळाली कॅम्पातल्या बदली झालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. घरात बायको सगुणा आणि अकरा महिन्यांची शकू.

मी का आले, ते नंतर बोलण्यातून कळलं. पंधरा दिवस सगुणा सांगत होती, “अहो, डाव्या चाकातून गूं गूं येतंय.”

“अगं, मोटार आहे. आवाज करणारच.”

“पण हा वेगळाय. माझ्या पायापाशी येतो.”

“तू शकू झोपली की दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाशी बोट धरून बघतेस. तुला भास होतात.”

सगुणा बी.ए. झालेली. पण भासांचा विषय अभ्यासक्रमात नव्हता, त्यामुळे तिलाही ते खरं वाटू लागलं. शेवटी शेजारचे बद्रुद्दीनचाचा आले. कॅम्पातल्या एका गॅरेजात त्यांची सगळी उमर गेलेली. त्यांनी जॅक लावून चाक उचललं, दोन्ही हातांनी हलवलं. खट्.

“मास्तर, पोरीच्या कानाला सलाम करा. बेअरिंग गेली.”

त्या दिवसापासून सगुणा घरात जरा ताठ चालू लागली होती म्हणे.

रविवारी निफाडला जायचं होतं. शकूचं जावळ मामाच्या मांडीवर काढायचं ठरलेलं. म्हणून त्याच शनिवारी दुपारी मास्तरांनी अंगणातच काम काढलं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं डावं चाक काढलं, छिन्नी-हातोड्याने जुनी बेअरिंग सोडवली. ती बिचारी तापून तापून निळी पडली होती. मग ते मोठा पाना आणायला चाचांकडे गेले. जाताना मला ओट्यावर ठेवून म्हणाले, “हिला जरा स्वच्छ जागी ठेव गं.”

सगुणाने कागद उलगडला. बोटं चिकट झाली. बाजारातून आलेलं नवं भांडं घासल्याशिवाय या घरात कधी वापरलेलं नाही. तिने मला मोरीवर नेलं, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि रोलरच्या फटीफटीतून घासलं. मी चांदीसारखी लखलखले. इतकी सुंदर मी पुन्हा कधी दिसले नाही, आणि इतकी घाबरलेही नाही.

पदराने पुसून तिने मला कानाशी धरून फिरवलं.

खर्रर.

राखेचे कण रोलरांत अडकले होते. ती मोरीच्या कडेवर बसली. शकूने तोंडात घातलेला खडा तिने न बघताच काढून टाकला. तिच्या मनातलं मला कसं कळलं असं विचारू नका, पण हात सगळं सांगतात. आत्ता कुठे घरात तिचं ऐकू लागले होते. हे सांगितलं तर पुन्हा सगळं मागे. नाही सांगितलं तर उद्या याच चाकावर, मांडीवर शकू.

मास्तर चाचांना घेऊनच आले. “वा, काय चकाकतेय! आण, ग्रीस लावून बसवून टाकू.”

तिने मला दिलं नाही. मुठीत घट्ट धरलं. “थांबा. मी हिला राखेनं घासलंय.”

मास्तर हसायलाच लागले. “अगं, ती काय पितळी आहे?”

चाचा हसले नाहीत. “मास्तर, हसू नका. हिने सांगितलं नसतं तर निफाडच्या आधी चाक जाम झालं असतं.” मग तिच्याकडे वळून, “फिरवलीस का गं?”

“एकदाच. कानाशी.”

“काय बोलली?”

“खर्रर.”

“मग तूच धुवायची. ज्याला ऐकू येतं त्यानंच. रॉकेल आण.”

रेशनचं रॉकेल घमेल्यात ओतलं गेलं. एकदा धुतलं, कानाशी धरलं. दोनदा. तिसऱ्यांदा मास्तर म्हणाले, “झाली की.”

“नाही. एक कण आहे अजून.”

चौथ्यांदा मी गप्प झाले. स्टोव्हचं रॉकेलही त्यात संपलं होतं, तेव्हा संध्याकाळची खिचडी चाचांच्या बायकोकडून, हाजराबींकडून आली.

तळहातावर ग्रीस घेऊन ते माझ्यात दाबून भरायचं असतं. मास्तरांचं निम्मं कोपराला लागलं. सगुणाने कणीक मळल्यासारखं झटक्यात भरलं. नट बसवताना मात्र ती ओरडलीच, “घट्ट आवळा हो, अजून घट्ट!”

“आवळून परत थोडी ढील द्यायची, बेटी,” चाचा म्हणाले. “नाहीतर जीव गुदमरतो तिचा.”

दुसऱ्या दिवशी निफाडपर्यंत ती चाकाकडे कान देऊन होती. मान डावीकडे कललेली. उतरल्यावर आधी चाकाच्या टोपीला पालथा हात लावला, शकूच्या कपाळाला लावते तसा. मी कोमट होते. तेव्हा कुठे ती हसली, आणि जावळ निघालं.

आठ वर्षं मी फिरले. १९८६मध्ये एक दिवस सगुणा म्हणाली, “अहो, डाव्या चाकातून काहीतरी येतंय.” मास्तरांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “जॅक कुठे ठेवलाय?”

आता मी खिडकीत शकूच्या वह्यांवर वजन म्हणून बसते. माझे रोलर झिजलेत. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी ‘आवाज येतोय’ म्हणालं, तर आधी चाक उचलून बघा. समजूत नंतर काढा.

परवा शकूने मला कानाशी धरून फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आई, हिच्यात खर्रर वाजतंय. बाबांना नाही येत ऐकू. मला भास होतोय का गं?”

सगुणा कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

“तुला ऐकू येतंय ना?”

“हो.”

“मग वाजतंय.”