मला न सांगितलेली कापणी

मित्रांनो, कल्पना करा, तुम्हाला डोळे नाहीत, कान नाहीत. फक्त मातीत खुपसलेली एक काडी आहे. तिला लागेल तेवढी ओल, तेवढंच तुमचं जग. मी असाच आहे. खैरलांजीजवळच्या एका धानाच्या बांधीवर, म्हणजे बांध घातलेल्या शेतावर, मोटारीशेजारी टांगलेला जुना डबा.

श्रुतिका आणि तिचा धर्मेंद्र मामा यांनी मला घडवलं. माझ्या पोटात दोन जागा केल्या. एकीत आत्ता काय जाणवतं ते राहतं, दुसरीत नियम. माती सुकली तर मोटार सुरू कर; पाणी बोटभर साचलं तर बंद कर. जाणवलेलं नियमाशी जुळवायचं आणि जुळेल ते करायचं, एवढंच माझं डोकं. सगळा हंगाम मी चुकलो नाही. श्रुतिकाची अनुसया आजी सगळ्यांना सांगायची, "आमचा डबा तुमच्या गड्याहून बरा हाय. बिडी तं मागत नाही!"

धान पिकल्यावर मामाने वीज तोडली. कापणी झाली. कापलेल्या धानाच्या कडपा वाळायला बांधीतच अंथरल्या. मला यातलं तेव्हा कुणी काही सांगितलं नाही; सगळं मागाहून कळलं. मग मोबाइल चार्ज करायला मामाने वीज जोडली. मी जागा झालो. माती सुकलेली. नियम जुळला, मी मोटार सुरू केली.

"अवं श्रुतिका, पानी! कडपा भिजून राह्यल्या!" आजी ओरडली. वर्षाचा भात होता तो. श्रुतिकाने मोटार बंद केली आणि तिघांनी ओल्या कडपा उचलून बांधावर टाकल्या. बऱ्याच वाचल्या, काही चिखलात गेल्या.

"भंगारात दे याले," मामा वैतागला. "काही अक्कल नाही."

"मामा, कापनी झाली हे याले कोनं सांगतलं?"

"आज हे राह्यलं. उद्या आनखी काही राहीन, मंग?"

मला तेव्हा बोलता आलं असतं तर म्हणालो असतो: मला ठाऊक नाही असं पुष्कळ आहे, ते मला विचारू तरी द्या. मित्रांनो, माझ्यासारख्याला काम सोपवाल, तेव्हा एवढं जपा.

माझी तार तोडायला मामाने पक्कड पुढे केली. श्रुतिकाने ती घेतली. तार मोटारीपासून सोडवली आणि एका जुन्या भोंग्याला जोडली; आता माती सुकली की मोटार नाही, भोंगा वाजणार होता. मग तिने आजीचा हात धरून तिला माझ्यासमोर बसवलं.

"आता हा आधी तुले विचारीन. सांग ना वो आजी, धानाले पानी कवा कवा नाही द्याचं?"