खोडरबर नसलेले घर

सुखदा, आमची मुलगी, अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका सरकारी विद्यापीठात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत ती आखातात, रिग्गईला आमच्याकडे आली आणि चौथ्याच दिवशी विद्यापीठाचे पत्र आले. तिचा निबंध इतका नीटनेटका होता, की तो यंत्राकडून लिहून घेतल्याचा संशय होता. कबुलीपत्रावर सही केल्यास एक श्रेणी कमी होणार होती आणि प्रकरण मिटणार होते.

"कर गं सही," लता म्हणाली. "एकच वर्ष उरलंय."

"आई, वकिलीची सनद मागताना हेच विचारतात, कधी लबाडी केली का? न केलेल्या लबाडीला जन्मभर 'हो' लिहू?"

मी लताच्या बाजूने होतो. परक्या मुलखात वाद वाढवू नये, हे मी शीतगृहांची दुरुस्ती करताना शिकलो. इथल्या राई भागातल्या एका गोदामात कॉम्प्रेसर जळाला, तेव्हा दोष माझ्यावर टाकणाऱ्या, साहेबांनी पुढे केलेल्या अहवालावर मी मुकाट्याने सही केली होती. समजूत घालण्यासाठी ते तिला सांगितले.

"चूक तुमची होती, बाबा?"

"नव्हती. मी दोनदा लेखी कळवलं होतं."

"देन व्हाय डिड यू साइन?"

मी तिचे खर्डे मागितले.

तंत्रनिकेतनात आम्हांला एक शिस्त होती. चुकलेले पुसायचे नाही. त्यावर एक रेघ मारायची, तारीख घालायची, आद्याक्षरे करायची. त्यामुळे आमच्या घरात खोडरबर कधी आलाच नाही. सुखदाने निबंधाचे सहा खर्डे तसेच हाताने लिहिले होते. मी ते तारखांप्रमाणे लावले.

पत्रात दिलेल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी, विद्यापीठाची चौकशी समिती संगणकाच्या पडद्यावर आली. मी एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरत गेलो.

"हल्ली हाताने कोण लिहितं?" अध्यक्षांनी विचारले.

"आमच्या घरी सगळे," सुखदा म्हणाली.

"खर्डे आम्ही तपासू. पण सही केलीत, तर हे आजच संपेल."

"मग आज संपू नये. मला पूर्ण सुनावणी हवी आहे."

"बापावर गेली नाही, बरं झालं," लता पुटपुटली.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल, मला माहीत नाही.

मी कपाटातून त्या अहवालाची माझी प्रत काढली. सहीवर एक सरळ रेघ मारली, आजची तारीख घातली, आद्याक्षरे केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि ते वाचून होईपर्यंत समोर उभा राहिलो.