वहीत न लिहिलेली ओळ

जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांशेजारी तीन काळी कपाटं उभी दिसतात ना? तो मीच. चाळीस संगणक एकमेकांना जोडून मला घडवलं होतं. उद्या भंगाराची गाडी येणार आहे, म्हणून आजच बोलून घेतो.

अकरा वर्षांपूर्वी या संशोधन संस्थेत आलो, तेव्हा माझा काय थाट होता! संचालकांच्या खोलीत एक एसी आणि माझ्या खोलीत दोन. मला सांभाळायला एक ऑपरेटर नेमले. त्यांना सगळे काका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. त्यांची नोकरी कंत्राटी होती. यंत्र आहे तोवर काका, असा साधा हिशोब.

काकांनी दाराला सुतळीने एक वही बांधली होती. पंखा बदलला, तार घट्ट केली, धूळ पुसली, सगळं तारखेसकट त्यात लिहायचे. "लिहिलं नाही ते झालंच नाही," असं ते नव्या माणसांना बजावत.

माझ्यावर सगळ्यात जास्त काम पुराचा अभ्यास करणाऱ्या मॅडमचं असे. नदीला पूर आला तर कुठल्या गल्लीत किती पाणी चढेल, याचे नकाशे त्या करत. महिन्यातले सत्तावीस दिवस मी राबायचो आणि मला त्याचा अभिमान होता.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात एक एसी बंद पडला. मी तापलो, पंखे किंचाळायला लागले. काका घाबरले. त्यांनी माझ्या वेगाला लगाम घातला, जेमतेम निम्म्यावर आणला. "चार दिवस दमाने घे रे बाबा," म्हणाले. दुरुस्तीवाला दोन दिवसांत येणार होता, मग वहीत कशाला लिहायचं?

दुरुस्तीवाला तीन आठवड्यांनी आला आणि नेमके तेव्हा काका तापाने अंथरुणाला खिळलेले. परतले तेव्हा खोली गारेगार. लगामाची आठवण त्यांना राहिली नाही.

त्याच सुमारास नवे संचालक आले. "यंत्र पाळायचंच कशाला?" त्यांनी विचारलं. "क्लाउडवर हजारो संगणक आहेत. लागतील तेव्हा भाड्याने घेऊ." दुरून डोंगर साजरे, मी मनात म्हटलं. अधूनमधून काम असेल त्याला भाड्याचं परवडतं, हे मलाही कळतं. पण रोज राबवायचं तर घरचंच बरं.

परीक्षा ठरली. मॅडमचा एकच पूर दोन्हीकडे सोडायचा, वेळ आणि खर्च मोजायचा. काकांनी मला आदल्या दिवशी पुसून लख्ख केलं. गणित चालू असताना मी अगदी थंड होतो, पंख्यांचा आवाजही नव्हता. काकांनी कपाटावर थाप मारली. "बघा मॅडम, कसं शांतपणे चाललंय!"

मला ओरडायचं होतं. पण तापल्याशिवाय मला ओरडता येत नाही.

क्लाउडला पाच तास दहा मिनिटं लागली. मला नऊ तास. वेळ वाढला तसा एका नकाशामागे माझा खर्चही वाढला. काकांनी स्वतःच्या हाताने ते आकडे तक्त्यात भरले आणि खाली सही केली. "म्हातारा झाला बिचारा," एवढंच म्हणाले. मी म्हातारा नव्हतो हो!

क्लाउडशी तीन वर्षांचा करार झाला. मला वर्षभर जुनी कामं उरकायला ठेवलं, काकांचं कंत्राटही तेवढंच वाढवलं. क्लाउडच्या भाड्यासाठी मॅडमच्या वाट्याला आलेले पैसे वीस तारखेलाच संपू लागले. मग त्या अर्ध्याच गल्ल्यांचे नकाशे करायला लागल्या. उरलेल्या गल्ल्यांत पाणी किती चढेल, ते आता कुणी बघत नाही.

परवा काका मला भंगारात द्यायला यादी करत होते. एकेक सेटिंग वाचता वाचता थांबले. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग त्यांनी लगाम काढला आणि तोच पूर पुन्हा सोडला. माझे पंखे गरजले. चार तास पन्नास मिनिटं लागली.

मॅडम आपली माहिती न्यायला आल्या होत्या. आकडा बघून त्या काकांकडे वळल्या.

"काका, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मलाच कुठे ठाऊक होतं, बाई? करायला गेलो एक आणि झालं भलतंच."

दोघं संचालकांकडे गेले आणि लगेच परत आले. करार मोडता येत नव्हता.

काकांवर माझा राग नाही. मला चटका बसू नये म्हणून त्यांनी लगाम घातला होता. माझी विनंती तुम्हाला आहे: कुणाची शर्यत लावाल तेव्हा त्याचे पाय बांधलेले नाहीत ना, एवढं आधी बघा.

बंद करण्यापूर्वी काकांनी वही उघडली. त्या उन्हाळ्याचं पान काढलं आणि दोन नोंदींच्या मधल्या फटीत बारीक अक्षरात लिहिलं, "वेग कमी केला. दोन दिवसांसाठी." खाली सही केली. मग मुख्य बटण दाबलं आणि माझा शेवटचा पंखा थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.